जन्मदिनी प्रवासात

माणसाने आयुष्यात एकदा तरी आपल्या लोकांसमोर ताठ उभं राहून 'हा मी, आणि हे माझं काम' असं म्हणायला हवं, असं डॉक्टर तौनो हिर्वेला यांचं जाहीर मत होतं. आरोग्य खात्याचं प्रमुखपद सोडताना त्यांनी ते मांडलं, कुलगुरूपद सोडताना पुन्हा मांडलं, आणि दोन्ही वेळा श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणूनच पंचाहत्तरावा वाढदिवस जवळ आला तेव्हा त्यांनी तीन वर्तमानपत्रांत एक छोटी चौकट छापून आणली: 'डॉ. तौनो हिर्वेला, जन्मदिनी प्रवासात.'

आमच्याकडे याचा अर्थ शाळेतल्या पोरालाही कळतो. माणूस कुठेही गेलेला नसतो. पडदे ओढून घरीच बसलेला असतो, कॉफी पीत असतो, आणि त्याच्याकडे कुणी जायचं नसतं. रस्त्यावरून जाताना खिडकीत तो दिसलाच तर आपण झाडांकडे बघायचं. एवढा साधा करार आहे, आणि देशाचा बराचसा कारभार त्यावर सुरळीत चालतो.

डॉक्टरांनी घोळ घातला तो जागेचा. लपायचंच होतं तर हेल्सिंकीतला फ्लॅट होता, चौथा मजला, लिफ्टही बंद पडलेली. पण ते लपायला आले हौकिवाराला, थोरल्या बहिणीच्या, आउनेच्या शेतावर, जिथे त्यांचा जन्म झाला होता आणि जिथे ते लोक राहत होते ज्यांनी यावं असं त्यांना मनातून वाटत होतं.

हौकिवाराने या सुपुत्राचा अभिमान बाळगायला हरकत नव्हती. गावाला दोनच गोष्टींचं नाव होतं, लोण्याची डेअरी आणि अध्यापक विद्यालय. तरुणपणी तौनोने प्रांतभर स्लाइडचं यंत्र घेऊन हिंडत लोकांना लोणी आणि मीठ सोडायला लावलं. डेअरी बंद झाली. उतारवयात कुलगुरू म्हणून त्यांनी विद्यालय उचलून प्रांताच्या मुख्य शहरात नेलं. इमारत बंद झाली. दोन्ही निर्णय बरोबर होते, हे त्यांनी आकडे देऊन सिद्ध केलं होतं. गावाने आकडे ऐकून घेतले आणि त्यानंतर त्यांना कधी काही विचारलं नाही.

वाढदिवसाच्या दिवशी, शनिवारी सकाळी आउनेच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. एक्क्याऐंशी वर्षांची आउने भट्टीपुढे उभी राहून राय धान्याच्या पिठाच्या पातळ पाऱ्यांत भात भरत होती आणि कडा चिमटत होती. टेबलावर सहा तबकं भरून झाली होती. खिडकीत वेलदोड्याचे गोड पाव निवत होते.

"आउने, आपण पाच माणसं आहोत," इर्मेली म्हणाली. इर्मेली म्हणजे डॉक्टरांची बायको. औषधाच्या दुकानात चाळीस वर्षं काढल्यामुळे प्रमाणाबाहेर काही दिसलं की तिला बोलल्याशिवाय राहवत नसे.

"इल्का आहे ना," आउने म्हणाली.

इल्का हा जावई. तो सॉसेजच्या कारखान्यात कमी मिठाच्या सॉसेजचा विभाग सांभाळायचा. ते सॉसेज सासऱ्यांखेरीज कुणी विकत घेत असल्याचा पुरावा अजून मिळालेला नव्हता. तो पहाटेपासून तळ्याकाठच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, आग पेटवत होता. ही जुन्या पद्धतीची धुराची सौना, धुराडं नसलेली. दगडांचा ढीग सहा तास तापवायचा, आग विझू द्यायची, धूर बाहेर जाऊ द्यायचा, मग आत बसायचं. घाईच्या माणसाचं हे काम नाही, आणि इल्काला आयुष्यात कसलीच घाई नव्हती.

"मी तेव्हाच म्हणत होते, बाबा," हेल्का म्हणाली. ती डॉक्टर आणि मंत्रालयात अधिकारी. वडिलांनी लोणी आणि मीठ संपवलेलं असल्यामुळे तिच्या वाट्याला साखर आली होती. "सरळ चर्चचं सभागृह घ्यायचं. लोकांना बोलवायचं. चार भाषणं झाली असती, मोकळे झालो असतो. हे काय, चोरासारखं?"

"चोरासारखं काय त्यात?" डॉक्टर म्हणाले. "मला गाजावाजा आवडत नाही."

आउने भट्टीकडे तोंड करून हसली. पाठ हलली म्हणून कळलं.

"आणि बोलावून कुणी आलं नसतं तर?" इर्मेली म्हणाली.

आउनेने भट्टीत आणखी एक लाकूड सारलं.

"प्रश्न तो नाहीच," डॉक्टर म्हणाले.

"प्रश्न तोच आहे, तौनो."

"मी एका आयुष्यात दोन संस्था चालवल्या. कॉफीला कोण येतं आणि कोण येत नाही याचा विचार करायला मला वेळ नव्हता."

"आता आहे," आउने म्हणाली. "बस, खा. तुझं वेगळं ठेवलंय."

त्यांचं वेगळं म्हणजे उकडलेलं अंडं वनस्पती तेलाच्या मार्गारिनमध्ये कालवलेलं. बाकी सगळ्यांचं लोण्यात. मार्गारिनचा डबा या घरात फक्त डॉक्टरांसाठी यायचा आणि ते गेले की शेजारच्या कुत्र्याकडे जायचा.

"ताई, तू अजून एवढं लोणी वापरतेस?"

"एक्क्याऐंशी झाली मला."

"ती अपवादाची गोष्ट झाली. एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही."

"मी कुठे काढतेय? मी लोणी काढतेय."

इर्मेली खिडकीतले पाव तबकात रचू लागली. चौकट छापायचा आग्रह तिचाच होता, आणि त्याचं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याच्या साठीला हेल्सिंकीत दोनशे लोक आले होते, मंत्री होते, तीन परदेशी प्राध्यापक होते. तौनो सगळ्यांशी हात मिळवत होता आणि त्याचं लक्ष दाराकडे होतं. हौकिवाराहून आउने तेवढी आली होती, बसने. त्या रात्री झोपताना तो म्हणाला होता, "बसची वेळ गैरसोयीची आहे." इर्मेलीला ती वेळ माहीत होती, चांगली सोयीची होती. नवऱ्याने पुन्हा दाराकडे बघत बसू नये एवढंच तिला हवं होतं. प्रवासात असलेल्या माणसाकडे कुणी आलं नाही तर त्यात कुणाचा दोष नसतो.

दुपारी एकच्या सुमाराला खडीच्या रस्त्यावर पहिली गाडी वाजली.

इर्मेली खिडकीशी गेली. गाडी फाटकातून आत वळली. तिच्यामागे दुसरी. मग एक ट्रॅक्टर.

"कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं. ते उठून उभे राहिले होते, आणि आपण उठलो आहोत हे कळून परत बसले.

"लोक आहेत," इर्मेली म्हणाली. "तौनो, लोक आलेत."

"किती?"

"अजून येतायत."

डॉक्टरांचा चेहरा विद्यार्थीदशेतल्या फोटोतल्यासारखा झाला. मग त्यांना चौकट आठवली.

"मी तर नाहीये," ते म्हणाले.

"नाहीसच. ऊठ. मागच्या दाराने खाली सौनात जा. कॉफीचा थर्मास घे. टोपी घे."

"पण एवढी माणसं आली आहेत तर—"

"तीन पेपरात छापलंय, बाबा!" हेल्का म्हणाली. "आता समोर गेलात तर काय सांगणार? प्रवास रद्द झाला म्हणून?"

ही तीच हेल्का, जिला सकाळपर्यंत गाव बोलवायचं होतं. आणि जिला गाव नको होतं ती इर्मेली आता खिडकीचा पडदा बाजूला धरून आनंदाने गाड्या मोजत होती. हिर्वेला घराण्यात कुणी बाजू बदलली की पलीकडचाही लगेच बदलतो, म्हणजे तोल राहतो. आउने कुठल्याच बाजूला नव्हती. ती कपाटातून कप काढत होती.

डॉक्टर थर्मास काखेत धरून, बेरीच्या झुडपांआडून वाकून, तळ्याकडे गेले. माजी कुलगुरूंना इतकं वाकून चालताना कुणी पाहिलं नाही. निदान पाहिल्याचं कुणी कधी बोललं नाही.

*

हेल्काला सगळ्यात विचित्र वाटलं ते हे की कुणाच्या हातात फुलं नव्हती. भेटवस्तू नव्हत्या. लोक आत आले, बूट काढून ओळीने लावले, लोकरीच्या मोज्यांवर घरभर पसरले, आणि कप कुठे आहेत हे न विचारता त्यांनी कप घेतले. एका बाईने तर कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवरून साखरेचा डबा काढला, तो तिथे असतो हे हेल्कालाही माहीत नव्हतं.

बरोबर आहे, हेल्काने मनात म्हटलं. जो हजर नाही त्याला भेट कशी देणार? किती संयमी लोक आहेत.

महिला मंडळाच्या अध्यक्षा साइमीबाई तिच्याशेजारी बाकावर बसल्या. नव्वदीच्या जवळ आल्या असतील.

"मग, तुझे बाबा गेलेत म्हणे."

"हो, हो. प्रवासात आहेत."

"वाचलं मी. कुठे?"

हे विचारायचं नसतं. पण नव्वदीच्या बाईला कोण सांगणार?

"पोर्तुगालला," हेल्का म्हणाली.

"एस्टोनियाला," नेमकं त्याच क्षणी मागून तबक घेऊन जाणारी इर्मेली म्हणाली.

साइमीबाईंनी एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे.

"आधी एस्टोनिया," हेल्का म्हणाली. "तिथून पुढे."

"लांबचा फेरा पडला."

"त्यांना सगळं बघायची हौस आहे."

"आणि हवा कशी आहे तिकडे?"

खिडकीतून सौनाचं छप्पर दिसत होतं. दार उघडं टाकून इल्का शेवटचा धूर बाहेर काढत होता.

"फार गरम आहे म्हणतात," हेल्का म्हणाली. दिवसभरात तिने बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं.

"जपायला सांग हो," साइमीबाई म्हणाल्या आणि तिसरा गोड पाव घेतला. साखरविरोधी अधिकारी हेल्काने झाडांकडे बघितलं.

बाहेर अंगणात सात जण पितळी वाद्यं घेऊन उभे राहिले. बँड! इर्मेलीला ओठ चावावे लागले. त्यांनी एक जुनं कूचगीत वाजवायला घेतलं, मधेच एका ठिकाणी अडखळले, थांबले, पुन्हा पहिल्यापासून घेतलं, पुन्हा तिथेच अडखळले. तिसऱ्या वेळी पार झाले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे खात होते.

"भावना दाटून आल्या असतील," इर्मेली हेल्काच्या कानात म्हणाली.

"आई, तू रडतेयस."

"वाफ आहे कॉफीची."

*

खाली सौनाच्या बाहेरच्या खोलीत डॉक्टर बाकावर बसून गाड्यांची दारं ऐकत होते. दार आपटलं की एक माणूस धरायचा; एका गाडीची दोन दारं वाजली की दोन; ट्रॅक्टरवर एक. मुलं धरायची नाहीत. सत्तरच्या दशकात कुणी फॉर्म भरून द्यायला तयार नसे तेव्हा त्यांनी अशाच उपायांनी अख्ख्या प्रांताचा अंदाज काढला होता. आता त्यांचा अंदाज ऐंशीच्या आसपास गेला आणि त्यांनी थर्मासचं झाकण उगाच दोनदा उघडून बंद केलं.

मग बँड वाजला. आधी ते ताठ बसून ऐकत होते. तिसऱ्या वेळेला ते उभे राहिले. समोर कुणी नसताना.

ते उभेच होते तेव्हा पायवाटेवर आवाज आले. पुरुषांचे, म्हाताऱ्या पुरुषांचे, हसत खाली येणारे. कॉफीनंतर सौना, यात नवल काही नव्हतं. नवल एवढंच की बाहेरच्या खोलीला दोन दारं होती, एक पायवाटेवर आणि एक आत, गरम काळोखात.

लपायला निघालेला माणूससुद्धा आमच्याकडे सौनात कपडे घालून शिरत नाही. डॉक्टरांनी कपडे काढले, घडी केली, लहानपणापासूनच्या आपल्या खुंटीवर टांगले, त्यावर विद्यापीठाचं चिन्ह असलेली टोपी अडकवली, आणि आत जाऊन दार ओढून घेतलं. या गावात तशी टोपी दुसऱ्या कुणाकडे नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

इथून पुढे त्यांना 'तो' म्हणावं लागेल. अंगावर काही नसलेल्या माणसाला अहो-जाहो करायची आमच्या सौनात पद्धत नाही.

तो वरच्या फळीवर कोपऱ्यात जाऊन बसला. भिंती काजळीने काळ्या, खिडकी तळहाताएवढी. बाहेरच्या खोलीत बूट काढल्याचे, पट्टे सोडल्याचे आवाज झाले. मग आवाज एकदम थांबले. कुणीतरी खाकरलं. मग दार उघडून सहा जण एकामागून एक आत आले.

"वर कुणीतरी आहे," एक आवाज म्हणाला.

"आहे," तो म्हणाला.

कोण आहे, असं कुणी विचारलं नाही.

"सरक जरा पाहुण्या," दुसरा आवाज म्हणाला, आणि तो आवाज त्याने ओळखला. उर्पो. डेअरीचा मॅनेजर. ज्याने एकेकाळी, भर जुलैच्या उन्हात, शाळेत तौनोचं व्याख्यान चालू असताना व्याख्यात्याच्या गाडीच्या टपावर अख्खा लोण्याचा गोळा ठेवला होता. व्याख्यान दोन तास चाललं होतं.

तो सरकला. उर्पो शेजारी बसला, त्याच्या पलीकडे आणखी दोघे, तिघांना जागा मिळेना.

"ही फळी तौनोच्या बापाने घातली," उर्पो म्हणाला. "चौघांच्या मापाची. तेव्हा पुरायची."

"तेव्हा चारच असायचे," पलीकडून आवाज आला. हा हान्नेस, विद्यालयाचा शेवटचा प्राचार्य. "बाकीचे पन्नाशीच्या आत जायचे. तौनोचा बाप एकोणपन्नासाव्या वर्षी गेला, बटाट्याच्या शेतात. आता बघा, सगळे जिवंत. बसायला जागा नाही."

"सरका रे. पाहुण्या, तू किती वर्षांचा?"

"पंचाहत्तर," तो म्हणाला. आणि सवयीने, अचूकतेसाठी, पुढे म्हणाला, "आजच."

दगडांवर पाणी पडलं, वाफ फुसफुसत वर आली, सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"योगायोग," हान्नेस म्हणाला. "तौनोचाही आजच असतो."

"तो प्रवासात आहे," उर्पो म्हणाला.

"हो, पेपरात आलंय."

"तुला शुभेच्छा हो, पाहुण्या."

"आभारी आहे."

रक्त खेळावं म्हणून कुणीतरी बर्चच्या डहाळ्यांची जुडी पाठीवर आपटत होतं.

"पाहुण्या, तू हिंडणारा माणूस दिसतोस," उर्पो म्हणाला. "कुठे तो तौनो भेटला तर एक निरोप देशील?"

"देईन."

"सांग त्याला, माझी बायको त्याच्या व्याख्यानाला गेली आणि घरी येऊन तिने लोणी कुलपात ठेवलं. डेअरीच्या मॅनेजरच्या घरात! लोक काय म्हणतील? मी ऑफिसात चोरून खायला लागलो. चमच्याने."

"मग?" त्याने विचारलं. आवाज डॉक्टरचा झाला होता.

"मग डेअरी बंद पडली. चोरून खायची सोयही गेली. माझा थोरला भाऊ सत्तेचाळीसाव्या वर्षी गेला, धाकटा त्याच्याही आधी. मी ज्यूसच्या कारखान्यात मॅनेजर झालो. बेरी! मोठा झालो लोण्यात आणि म्हातारा झालो बेरीत. त्याला सांग, त्याला मी माफ केलेलं नाही."

"सांगतो."

"आणि सांग, की मी अजून आहे."

त्याने पळीभर पाणी दगडांवर टाकलं. जरा जास्तच पडलं, खाली बसलेला एक जण शिवी देऊन दाराकडे सरकला.

"माझाही निरोप घे," हान्नेस म्हणाला. "लोण्याचं सोड. लोण्याचं त्याचं बरोबर होतं. विद्यालयाचं चुकलं."

"मी असं ऐकलंय," तो सावकाश म्हणाला, "की विद्यार्थीच कमी झाले होते. शेवटच्या वर्षी जेवढे होते तेवढ्यांत—"

"पाहुण्या, तू त्याची बाजू घेऊ नकोस. तुला इथलं काय माहीत?"

"नाही, आकडे पाहिले तर—"

"आकडे त्याच्याकडेही होते! सगळ्यांना छापून वाटले. मी काय म्हणतो, एकदा येऊन बसला असता. इथे. असाच, कपडे नसताना. मी त्याला सांगितलं असतं की संध्याकाळी त्या इमारतीत दिवे लागलेले दिसले की गावाला बरं वाटायचं. ते कुठल्या रकान्यात बसतं?"

त्याने मान डोलावली. पाहुण्याला तेच शोभतं.

"मी तर ठरवलं होतं, त्याच्या दफनालासुद्धा जायचं नाही," हान्नेस म्हणाला.

"आणि आता?"

हान्नेसने विचार केला. वाफ उतरत होती.

"आता जाईन म्हणतो. हवा बरी असली तर."

"हा आधी जाणार," उर्पो म्हणाला, "आणि तौनोलाच इकडे यावं लागणार."

"मग तो येऊ दे. त्याला फळीवर जागा राहील."

सगळे हसले, तोही हसला, आणि मग सातही म्हातारे बाहेर पडून, एकमेकांचे दंड धरत, शेवाळलेल्या पायऱ्यांवरून तळ्यात उतरले. उजेडात त्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाणी थंड होतं. सप्टेंबरचं ऊन पलीकडच्या बर्चवर पिवळं पडलं होतं. उर्पो पोहत त्याच्या जवळून गेला आणि आकाशाकडे बघत म्हणाला, "तौनोला म्हणावं, प्रवासाची दगदग करू नकोस या वयात."

*

सगळ्या गाड्या गेल्यावर डॉक्टर वर आले. फळीवर बसताना ते भिंतीला टेकले असावेत, कारण त्यांची पाठ मानेपासून कमरेपर्यंत काळी होती आणि पांढऱ्या शर्टातून काजळी उमटली होती. इर्मेलीने तो शर्ट काढायला लावला आणि त्यांना पायरीवर बसवून ओल्या कापडाने पुसायला घेतलं.

"ऐंशीच्या आसपास," ते म्हणाले. "कमीत कमी. गावाची वस्ती सहाशे. म्हणजे तेरा टक्के, इर्मेली! आमंत्रण नसताना. उलट येऊ नका असं सांगितलेलं असताना! कुठल्याही मोहिमेला पहिल्या फेरीत एवढा प्रतिसाद मिळालेला मी तरी पाहिला नाही."

"हलू नकोस."

"आणि बँड."

"ऐकला मी."

"हान्नेसचं विद्यालयाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, बरं का. म्हणजे मला तसं कुणीतरी सांगितलं. प्रवासात."

"असं?"

"सोमवारी त्याच्याकडे जाऊन येतो. त्या इमारतीचं काय करता येईल बघू. विद्यापीठात अजून चार जण माझं ऐकतात."

"तीन," इर्मेली म्हणाली, पण तिने पाठ हलक्या हाताने पुसली.

ते जेवले, कमी मिठाच्या सॉसेजचे दोन तुकडे खाल्ले, इल्काला "उत्तम" म्हणाले, आणि पायरीवर उन्हात बसल्या-बसल्या झोपी गेले. तोंड थोडं उघडं होतं. गेल्या कित्येक वर्षांत हेल्काने त्यांना दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं.

आत तिघी बायका भांडी आवरत होत्या. इर्मेली आउनेच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने तिच्या हातातला टॉवेल आपल्या हातात घेतला. आमच्याकडे ही मिठी मारण्याच्या बरीच जवळची गोष्ट आहे.

"तूच बोलावलंस ना सगळ्यांना?" ती म्हणाली. "मला न सांगता. त्याच्यासाठी."

"मी?" आउने म्हणाली. "मी कशाला बोलावू?"

"मग एवढे लोक कसे आले?"

"आज दुसरा शनिवार ना. विद्यालयाचं सभागृह गेल्यापासून पेन्शनरांची कॉफी इथेच असते. बँडची तालीमही इथेच. शेजारी कुणी नाही म्हणून बरं पडतं."

इर्मेलीने एक कप पुसला. तोच कप पुन्हा पुसला. हेल्काने खिडकीतून पायरीकडे बघितलं. मग ती वळली, आणि तिच्या तोंडून तोच प्रश्न निघाला जो मंत्रालयात कुठलाही आकडा समोर आला की ती विचारायची, आणि जो तिला वडिलांनीच शिकवला होता.

"आत्या, मागच्या महिन्यात किती होते?"

आउनेने ओले हात एप्रनला पुसले आणि आठवून बघितलं.

"मागच्या महिन्यात अकरा जास्त होते," ती म्हणाली. "तेव्हा बटाटे काढायचे नव्हते."